सी समजते, पण लिहिता येत नाही आणि पॉइंटरपाशी गाडी अडते: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिने सी शिकतोय. इफ, फॉर, व्हाइल, फंक्शन वाचलं की समजतं, पण स्वतः लिहायला बसलं की काही सुचत नाही. पॉइंटर सुरू झाल्यापासून तर सगळंच धूसर झालंय. त्यात पाच आकड्यांची बेरीज करणारा साधा प्रोग्राम माझ्याकडे भलतंच उत्तर देतो आणि मित्राच्या मशीनवर बरोबर चालतो. कंपायलर काहीच तक्रार करत नाही. पाया कच्चा राहिलाय का, की सी सोडून पायथन धरावं?

बेरजेच्या प्रोग्रामपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळंही तिथेच आहेत. तुमच्या कोडमध्ये पाच घरांचा ॲरे आहे, ‘बेरीज’ नावाचा एक इंट आहे आणि लूप शून्यापासून ‘आय <= ५’ असेपर्यंत फिरतो. (उदाहरणांत नावं मराठीतच ठेवतोय, कोडमध्ये ती तुमच्या पद्धतीने लिहा.) यात दोन चुका आहेत. ‘बेरीज’ला सुरुवातीची किंमत दिलेली नाही. आणि पाच घरांचे क्रमांक शून्य ते चार असताना लूप सहाव्यांदा फिरून क्रमांक पाचचं, म्हणजे ॲरेच्या बाहेरचं घर वाचतोय.

फंक्शनच्या आत घोषित केलेल्या साध्या व्हेरिएबलला सी आपणहून शून्य करत नाही. ती जागा आधी दुसऱ्या कशासाठी तरी वापरलेली असते आणि तिथे जे काही उरलंय तीच तुमची सुरुवातीची किंमत. मित्राकडे तिथे शून्य होतं. ॲरेच्या पलीकडच्या चार बाइटांतही बहुधा शून्यच होतं. म्हणून त्याचं उत्तर बरोबर आलं, पण त्याचा प्रोग्राम तुमच्याइतकाच चुकलेला आहे. खरं तर त्याचं नुकसान जास्त, कारण त्याला अजून पत्ताच नाही. (ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल मात्र शून्याने सुरू होतात. म्हणून काही जण चूक ‘दुरुस्त’ करायला व्हेरिएबल मेनच्या बाहेर नेऊन ठेवतात. तसं करू नका.)

सीचा पाया म्हणजे मला जे म्हणायचंय ते एवढंच: या भाषेत प्रोग्राम चालला, उत्तर आलं, म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असं होत नाही. इतर बऱ्याच भाषांत ॲरेबाहेर पाय टाकला की लगेच एरर मिळते. सीमध्ये असं काही केलं तर काय व्हावं हे भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही. याला अनडिफाइन्ड बिहेविअर म्हणतात. बरोबर उत्तर येऊ शकतं, चुकीचं येऊ शकतं, प्रोग्राम कोसळू शकतो, आज चाललेला उद्या ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची कंपायलरची सोय) लावल्यावर बिघडू शकतो. कंपायलर यातलं काहीही करायला मोकळा आहे.

हे असं का, ते भाषेच्या जन्मात आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. ज्या पीडीपी-११ कॉम्प्युटरवर हे काम सुरू झालं तिच्यात सगळी मिळून २४ किलोबाइट मेमरी होती, आणि त्यातली १६ ऑपरेटिंग सिस्टिमच खात होती. तिथे प्रत्येक ॲरेसोबत त्याची लांबी सांभाळणं आणि दर वेळी ती तपासणं परवडणारं नव्हतं. आधीच्या बी या भाषेत तर टाइप हा प्रकारच नव्हता, सगळं एकाच मापाचं. पीडीपी-११ मध्ये प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, त्यामुळे एका बाइटचं अक्षर आणि दोन बाइटांचा आकडा यांत फरक करणं भाग पडलं आणि टाइप आले. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सीमध्ये नव्याने लिहिला गेला. तेव्हापासून भाषेचा बाज तोच आहे: मेमरी तुमची, हिशेब तुम्ही ठेवायचा.

म्हणून सी शिकताना कोणत्याही व्हेरिएबलबद्दल तीन गोष्टी विचारायची सवय लावा. तो मेमरीत कुठे आहे, किती बाइटांचा आहे, आणि ते बाइट काय म्हणून वाचले जाताहेत. तुम्हाला आजवर जे सापळे वेगवेगळे वाटले, त्यातले बहुतेक या तिघांपैकी एकाचं उत्तर माहीत नसल्याने लागलेले असतात.

बाइटांची संख्या आधी घेऊ. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम सगळेच लिहितात. आजच्या नेहमीच्या मशीनवर इंट चार बाइटांचा असतो, त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा मावतो. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० येतं, ते बसतं. १३ चं येतं ६,२२,७०,२०,८००. ते बसत नाही, आणि स्क्रीनवर बहुधा १,९३,२०,५३,५०४ दिसतं. हा आकडा ऋण नाही, विचित्र नाही, अगदी खरा वाटतो. ताडून पाहिल्याशिवाय कुणाला शंकाही येणार नाही. ‘लाँग लाँग’ वापरलं तर २० पर्यंत जाता येतं, २१ ला तेही संपतं. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या नोट्स वापरत असाल तर तिथला इंट दोन बाइटांचा होता, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच, आणि ८ चं फॅक्टोरियलच बाहेर पडायचं. इंट किमान १६ बिटांचा असावा एवढंच मानक सांगतं. लाँगचंही तसंच: ६४ बिटांच्या विंडोजवर तो चार बाइटांचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटांचा. माप नेमकं हवं तिथे एसटीडीइंट हेडरमधले ‘इंट३२_टी’सारखे टाइप वापरा.

टर्बो सीचा विषय निघालाच आहे तर: कोनिओ हेडर, क्लिअर-स्क्रीन, शेवटी गेटसीएच आणि ‘व्हॉइड मेन’ हे सगळं त्या काळच्या त्या कंपायलरचं आहे, सीचं नाही. मेन इंट परत करतं. ती सवय आजच सोडा आणि जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर घ्या. दोन्ही फुकट मिळतात.

आता बाइट काय म्हणून वाचले जातात ते पाहू. इथे एक प्रयोग करा, फार वेळ लागत नाही. एका इंटमध्ये ३२१ ठेवा. त्याचा पत्ता अनसाइन्ड ‘चार’-पॉइंटरमध्ये घ्या (कास्ट करून, म्हणजे टाइप बदलून; हा ‘चार’ म्हणजे आकडा नव्हे, एका बाइटाचा कॅरेक्टर टाइप) आणि तिथून पुढचे ४ बाइट एकेक करून टक्का-डीने, म्हणजे आकडा म्हणून, छापा. नेहमीच्या कॉम्प्युटरवर ६५, १, ०, ० असं दिसेल. ३२१ म्हणजे १ गुणिले २५६ अधिक ६५, आणि लहान भाग आधी ठेवलेला. आता पहिलाच बाइट टक्का-सीने, म्हणजे अक्षर म्हणून, छापा. इंग्रजीतलं कॅपिटल ए उमटेल. बाइट तोच, पत्ता तोच, फक्त वाचण्याची रीत बदलली. ज्याने हे एकदा स्वतः छापून पाहिलं त्याला कॅरेक्टर म्हणजे लहान आकडाच आहे हे वेगळं पाठ करावं लागत नाही, आणि ‘५’ या अक्षरातून ‘०’ हे अक्षर वजा केलं की आकडा पाच का मिळतो हेही कळतं.

टाइपचा परिणाम गणितावरही होतो. फॅरनहाइटवरून सेल्सिअस काढताना ५/९ आधी लिहिलं तर उत्तर कायम शून्य येतं, कारण दोन इंटांचा भागाकार इंटच असतो आणि दशांश कापला जातो. गुणाकाराचं उत्तर डबलमध्ये साठवलं म्हणून फरक पडत नाही, भागाकार तोपर्यंत होऊन गेलेला असतो. ५.०/९ लिहा. तसंच फ्लोटमध्ये ०.१ ठेवून त्याची थेट ०.१ शी == ने तुलना करा: नेहमीच्या मशीनवर उत्तर ‘नाही’ येतं. नुसतं लिहिलेलं ०.१ हे डबल असतं आणि दोघांनाही ०.१ नेमकं मांडता येत नाही, दोघांची चूक वेगवेगळ्या ठिकाणी कापली जाते.

मग राहतं ‘कुठे’. पॉइंटर म्हणजे हाच प्रश्न, दुसरं काही नाही. तो एक व्हेरिएबलच आहे, त्यात पत्ता असतो. गोंधळ होतो तो चांदणीमुळे, कारण एकच चिन्ह दोन कामं करतं. ‘इंट *प’ या घोषणेत ती सांगते की प हा पॉइंटर आहे. पुढे कोडमध्ये ‘*प = ७’ लिहिलं की ती सांगते: प मध्ये जो पत्ता आहे तिथे जा आणि ७ ठेव. घोषणेतली चांदणी फक्त पुढच्या नावाला लागते, त्यामुळे ‘इंट *प, क’ मध्ये क साधा इंटच राहतो. एका ओळीत एकच पॉइंटर घोषित करा, हा प्रश्नच मिटतो.

कागद घ्या. खरंच घ्या, मनातल्या मनात करू नका. मेनमध्ये अ = ३ आणि ब = ८ आहेत. चौकोन काढा, शेजारी खोटे पत्ते लिहा: अ चा १०००, ब चा १००४. आता अदलाबदल करणारं फंक्शन लिहा जे दोन इंट घेतं. बोलावल्यावर त्या फंक्शनचे स्वतःचे दोन नवे चौकोन तयार होतात, समजा २००० आणि २००४ ला, आणि त्यांत ३ आणि ८ यांच्या नकला येतात. अदलाबदल होते ती या नकलांची. झेरॉक्सवर खाडाखोड केल्याने मूळ कागद बदलत नाही. फंक्शन संपलं, नवे चौकोन गेले, अ आणि ब जिथल्या तिथे. आता तेच फंक्शन दोन पॉइंटर घेणारं करा. या वेळी नव्या चौकोनांत १००० आणि १००४ हे आकडे येतात. नकलाच आहेत, पण पत्त्यांच्या नकला आहेत, आणि त्या पत्त्यावर जाऊन लिहिता येतं. स्कॅनएफला अँपरसँड (पत्ता देणारं & हे चिन्ह) का लागतो हेही यातच आलं. किंमत कुठे ठेवायची ते त्याला कळायला हवं.

याच चित्रावरून आणखी एक गोष्ट दिसते. २००० चा चौकोन फंक्शनबरोबर संपतो. तेव्हा फंक्शनने आपल्या आतल्या व्हेरिएबलचा पत्ता परत केला तर मेनच्या हातात मेलेला पत्ता येतो. पहिल्यांदा छापल्यावर बरोबर किंमत दिसूही शकते. मधे दुसरं एखादं फंक्शन बोलावलं की तीच जागा त्याने वापरलेली असते.

ॲरे आता अवघड जाणार नाही. ॲरे म्हणजे एकाला एक लागून असलेली सारख्या मापाची घरं. सुरुवात ३००० ला असेल तर चार बाइटांच्या इंटांचं क्रमांक ३ चं घर ३०१२ ला. क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, म्हणूनच मोजणी शून्यापासून. ‘म[३]’ आणि ‘*(म + ३)’ कंपायलरच्या लेखी एकच आहेत, आणि त्यामुळेच ‘३[म]’ हेही चालतं. गंमत म्हणून करून पहा आणि विसरून जा.

विसरायचं नाही ते हे: ॲरे फंक्शनला दिला की फक्त पहिल्या घराचा पत्ता जातो, लांबी जात नाही. मेनमध्ये साइझऑफ लावून ‘एकूण बाइट भागिले एका घराचे बाइट’ केलं की बरोबर पाच येतं. तीच ओळ फंक्शनमध्ये नेली की ६४ बिटांच्या मशीनवर आठ भागिले चार, म्हणजे दोन. बेरीज दोनच आकड्यांची होते, आणि कुठेही एरर नाही. ॲरेबरोबर त्याची लांबी वेगळी पाठवायची, याला पर्याय नाही.

स्ट्रिंगपाशी बहुतेकांची दुसऱ्यांदा दमछाक होते. सीमध्ये स्ट्रिंग नावाचा स्वतंत्र टाइप नाही. ‘चार’ टाइपचा ॲरे आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच समजूत आहे. पाच अक्षरी इंग्रजी शब्दाला सहा बाइट लागतात. प्रिंटएफ असो की लांबी मोजणारं स्ट्रलेन, सगळे तो शून्य दिसेपर्यंत चालत सुटतात. तो पुसला गेला तर पलीकडचं जे काही आहे तेही स्ट्रिंग समजून छापतात. दोन स्ट्रिंगची == ने तुलना केली तर पत्त्यांची तुलना होते, मजकुराची नाही; त्यासाठी स्ट्रकम्प. आणि मराठीचं एक खास: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘कमळ’ या शब्दाचा स्ट्रलेन ९ येतो आणि ॲरे १० चा लागतो. ‘किती’ दोन अक्षरी दिसतं, पण वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून १२. स्ट्रिंग उलटी करण्याचा तुमचा प्रोग्राम ‘कमळ’वर चालवून पहा. कचरा का दिसतो ते आता तुम्हाला सांगता यायला हवं.

ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन जुन्या नोट्समध्ये दिसेल. ते वापरणाऱ्याने किती जागा ठेवली आहे हे त्याला सांगायची सोयच नाही, समोरून जेवढं येईल तेवढं ते लिहीत जातं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक नेमकी हीच होती: फिंगर सेवेतल्या ५१२ बाइटांच्या जागेत गेट्सने जास्तीचं लिहून घेतलं. २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकलं. त्याऐवजी एफगेट्स वापरा, त्याला जागा किती ते सांगता येतं. ते ओळीच्या शेवटचा न्यूलाइनही सोबत आणतं, तो काढायला विसरू नका. टक्का-एसचा स्कॅनएफ रुंदी न देता वापरला तर तोही गेट्सइतकाच बेफिकीर आहे.

स्कॅनएफचे आणखी दोन त्रास. आकडा वाचल्यावर दाबलेला एंटर बफरमध्ये (न वाचलेलं इनपुट थांबतं त्या जागेत) राहतो आणि पुढचा टक्का-सी तोच उचलतो, मग ‘प्रोग्राम अक्षर न विचारताच पुढे गेला’ अशी तक्रार येते. टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडली की हे थांबतं. दुसरं, स्कॅनएफ किती किमती यशस्वीपणे वाचल्या ते परत करतं. ते तपासलं नाही आणि कुणी आकड्याच्या जागी अक्षर टाइप केलं, तर ते अक्षर तसंच अडून राहतं आणि लूप अखंड फिरतो. मी तर सुचवीन की इनपुट एफगेट्सने ओळ म्हणून घ्यायचं आणि मग त्यातून आकडा काढायचा.

आता ‘कंपायलर तक्रार करत नाही’ याबद्दल. तुम्ही त्याला तक्रार करू दिलेली नाही. जीसीसीला कंपाइल करताना ‘ऑल’ आणि ‘एक्स्ट्रा’ हे दोन स्विच द्या, दोन्हींच्या आधी डॅश आणि कॅपिटल डब्ल्यू. ‘इफ’मध्ये == ऐवजी = पडलं, प्रिंटएफमध्ये टाइप आणि टक्क्याचं अक्षर जुळत नाही, ‘व्हाइल’च्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला आणि लूप रिकामाच फिरतोय, अशा बहुतेक गोष्टी ते लगेच दाखवतं. सुरुवातीची किंमत न दिलेला व्हेरिएबल मात्र कधीकधी ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच जीसीसीला ओळखू येतो, म्हणून अधूनमधून ओ-दोन हा ऑप्टिमायझेशनचा स्विच लावूनही कंपाइल करा. वॉर्निंग ही सूचना नाही, एरर आहे असंच धरा. शिकताना एकही वॉर्निंग शिल्लक ठेवून पुढे जाऊ नका.

त्याशिवाय ‘एफ-सॅनिटाइझ’ हा स्विच ‘ॲड्रेस’ आणि ‘अनडिफाइन्ड’ या दोन किमती देऊन लावा, सोबत डिबग माहितीसाठी डॅश-जी. मग प्रोग्राम चालताना ॲरेबाहेर पाय पडला की तो तिथेच थांबतो आणि फाइल, ओळ सांगतो. तुमचा सहाव्या घराचा वाचनदोष यात एका क्षणात पकडला गेला असता. कोऱ्या व्हेरिएबलची चूक ॲड्रेस सॅनिटायझर पकडत नाही, त्याला व्हॅलग्राइंड हे वेगळं साधन लागतं. ही साधनं ‘पुढच्या टप्प्याची’ समजून मागे ठेवली जातात हे मला कधीच पटलेलं नाही. नवशिक्याला त्यांची गरज सर्वांत जास्त असते.

एक प्रश्न मात्र अभ्यासातून काढूनच टाका. आय पाच असताना एकाच प्रिंटएफमध्ये आय++, आय आणि ++आय दिलं तर काय छापलं जाईल? हा प्रश्न परीक्षांमध्ये आणि मुलाखतींमध्ये हमखास असतो आणि त्याची ‘उजवीकडून डावीकडे’ अशी पाठ उत्तरंही मिळतात. याला उत्तर नाही. एका फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे मानकाने ठरवलेलं नाही, आणि एकाच व्हेरिएबलला अशा तऱ्हेने एकाच वेळी बदलणं हेच अनडिफाइन्ड बिहेविअर आहे. परीक्षकाच्या कंपायलरवर जे आलं ते त्याने उत्तर म्हणून छापलं, इतकंच. गुणांसाठी हवं ते लिहा, पण त्यावरून सी शिकल्याचं समाधान मानू नका.

‘समजतं पण लिहिता येत नाही’ याकडे वळतो. इथे अडचण बहुधा सीची नसतेच. ॲरेतला दुसरा सर्वांत मोठा आकडा शोधा, असं सांगितलं की बहुतेक जण थेट ‘फॉर’ टाइप करायला घेतात आणि अडतात. आधी कोडशिवाय करा. ७, ३, ९, ४ हे आकडे एकेक करून बघा, मागचे झाकून ठेवा. काय काय लक्षात ठेवावं लागलं? आतापर्यंतचा मोठा आणि त्याच्या खालचा. हे झाले दोन व्हेरिएबल. नवा आकडा आला की काय केलं? मोठ्यापेक्षा मोठा असेल तर जुना मोठा खाली सरकला. नाहीतर खालच्याशी ताडून पाहिलं. हे झालं लूपचं पोट. टाइप करायचं ते यानंतर.

मग अवघड इनपुट शोधा. ९, ९, ४ मध्ये दुसरा मोठा कोण, नऊ की चार? हे सी सांगणार नाही, तुम्ही ठरवायचं. ठरवलं नसेल तर कोड लिहिताना हात थांबणारच. सगळे आकडे ऋण असतील तर? मोठ्याची सुरुवात शून्याने केली असेल तर उत्तर शून्य येईल, जो ॲरेत नाहीच. सुरुवात ॲरेतल्याच घरांनी करावी लागते. एकच आकडा असेल तर? मी कुणाचा सराव बघतो तेव्हा कोडपेक्षा हे प्रश्न सुचले का ते आधी बघतो.

सोडवलेले प्रोग्राम नुसते वाचू नका, मोडा. चालवण्याआधी काय छापलं जाईल ते कागदावर लिहा, मग चालवा. फरक पडला की तिथेच थांबा. एक ओळ काढा, < चं <= करा, टाइप बदला आणि पुन्हा अंदाज लिहा. जो प्रोग्राम मोडून बघितला तो लक्षात राहतो, उतरवून काढलेला राहत नाही. डिबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकत व्हेरिएबल बदलताना बघणं हा याचाच पुढचा भाग, आणि तो लवकर शिका. जीडीबी या डिबगरच्या ब्रेक, नेक्स्ट, स्टेप आणि प्रिंट या चार आज्ञांवर बराच काळ भागतं.

पायथनचं म्हणाल तर ते तुमच्या हेतूवर आहे. डेटा हाताळायचाय, छोटी कामं स्वयंचलित करायचीत, वेबसाइट करायचीय, तर खुशाल पायथन धरा. सी आधी शिकायलाच हवी असं काही नाही. मायक्रोकंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर यांकडे जायचं असेल, किंवा मशीन आत काय करतं हे कळल्याशिवाय चैन पडत नसेल, तर सीला पर्याय थोडे आहेत. पण पॉइंटर अवघड जातोय एवढ्याच कारणाने सोडू नका. पायथनमध्ये एक यादी दोन नावांना दिली आणि एकीतला बदल दुसरीतही दिसला, की हाच विषय दुसऱ्या दाराने समोर येतो.

सराव म्हणून लायब्ररीतली लहान फंक्शनं स्वतः लिहा. आधी स्ट्रलेन, मग स्ट्रकॉपी. त्यानंतर अंकांच्या स्ट्रिंगवरून आकडा काढणारं, आणि त्यात रिकामी स्ट्रिंग, उणे चिन्ह, मधेच आलेलं अक्षर आणि इंटमध्ये न मावणारा आकडा या सगळ्यांचं काय करायचं ते ठरवून. हे एकच फंक्शन नीट लिहायला तुम्हाला कदाचित दोन-तीन दिवस लागतील आणि ते सत्कारणी लागतील. मग गेटचारने फाइल वाचून प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते मोजा. गेटचारची किंमत ‘चार’ टाइपमध्ये नाही, इंटमध्ये ठेवा. फाइल संपल्याची खूण प्रत्येक खऱ्या बाइटपेक्षा वेगळी असावी लागते, आणि चारमध्ये तेवढी जागा उरत नाही.

मॅलॉक, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन, यानंतर. किती आकडे येणार हे माहीत नसताना ते सगळे साठवायचे, जागा भरली की दुप्पट करायची, शेवटी फ्री करायची, असा प्रोग्राम लिहा. वरचं सगळं त्यात एकदम लागतं. तिथे जागा वाढवून देणाऱ्या रिअलॉकने दिलेला पत्ता थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. जागा मिळाली नाही तर रिअलॉक नल परत करतं, जुनी जागा मात्र तशीच राखून ठेवतं. तुमच्याकडे तिचा पत्ता तेवढा एकच होता, आणि त्यावर तुम्ही नुकतंच नल लिहिलेलं असतं.